उद्याचे आकाश आणि न घडलेले अपघात

विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेसारखा विषय मराठीच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी निवडावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विमाने इंधनावर उडत असली, तरी त्यांची वाहतूक चालते ती बव्हंशी शब्दांवर. जमिनीवरचा नियंत्रक आणि विमानातला वैमानिक एकमेकांना दिसत नाहीत. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे रेडिओवरून येणारा आवाज, आणि त्या आवाजातील मोजक्या शब्दांचा दोघांनी लावलेला अर्थ. जेथे अर्थ लावण्याचा प्रश्न येतो, तेथे भाषेच्या अभ्यासकाला परके वाटण्याचे कारण नाही.

दुसरेही एक कारण आहे. या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज आखाती देशांत, पोर्तुगालात आणि इंग्लंडात विखुरलेले आहेत. सुट्टीला घरी येणारा मुलगा किंवा नातवंडे विमानानेच येतात. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहेच. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू झाला. आकाशातील व्यवस्था हा आता गोमंतकातल्या घरोघरच्या जिव्हाळ्याचा विषय झाला आहे.

येत्या काळात या आकाशात प्रवासी विमानांबरोबर ड्रोन येत आहेत, हवाई टॅक्सीचे प्रयोग चालू आहेत, आणि नियंत्रकाच्या कामाचा काही भाग संगणकाकडे जात आहे. जी व्यवस्था अद्याप पुरती उभी राहिलेली नाही, ती सुरक्षित ठरेल की नाही हे आधीच कसे ओळखावे? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. अंतर राखण्याचे शास्त्र

हवाई वाहतूक नियंत्रणाचे सार एका वाक्यात सांगता येते : कोणत्याही दोन विमानांमध्ये ठरवून दिलेले अंतर राखणे. ते अंतर आडवे असेल किंवा उभे असेल. पण दोहोंपैकी एक तरी असलेच पाहिजे. उभे अंतर सामान्यतः १,००० फुटांचे असते.

हे शास्त्र सहजासहजी सिद्ध झालेले नाही. ३० जून १९५६ रोजी लॉस एंजेलिसहून काही मिनिटांच्या अंतराने निघालेली दोन प्रवासी विमाने अमेरिकेतील ग्रँड कॅनियन या प्रचंड दरीवर एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे मरण पावली. त्या भागात विमानांवर कोणाचे नियंत्रण नव्हते. ‘पाहा आणि टाळा’ हाच तेथील नियम होता. विमानांचा वेग वाढला, संख्या वाढली, आणि मानवी डोळा मात्र पूर्वीचाच राहिला. या दुर्घटनेनंतर १९५८ साली अमेरिकेत नवा कायदा झाला आणि विमानवाहतुकीसाठी स्वतंत्र संघराज्यीय यंत्रणा स्थापन झाली. आधी अपघात, मग चौकशी, मग सुधारणा असा हा क्रम होता, आणि पुढे कित्येक वर्षे सुरक्षिततेचा इतिहास याच क्रमाने घडत गेला.

२. पंधरा हजार आणि चौदा हजार

आपल्या देशाला या क्रमाचा सर्वांत कटू अनुभव १२ नोव्हेंबर १९९६ रोजी आला. दिल्लीहून सौदी अरेबियाचे बोइंग विमान धहरानकडे निघाले होते, आणि कझाकस्तानचे इल्युशिन विमान दिल्लीला उतरण्यासाठी खाली येत होते. नियंत्रकाने वर जाणाऱ्या विमानाला १४,००० फुटांवर आणि खाली येणाऱ्या विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. दोहोंमध्ये १,००० फुटांचे अंतर राहणार होते. परंतु कझाक विमान १५,००० फुटांच्याही खाली उतरले, आणि हरियाणातील चरखी दादरीजवळच्या आकाशात दोन्ही विमानांची टक्कर झाली. ३४९ जीव गेले. आकाशातील टकरींपैकी इतकी मोठी मनुष्यहानी अन्य कोणत्याही टकरीत झालेली नाही.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या आयोगाने या दुर्घटनेची चौकशी केली. कझाक विमानाने दिलेली उंची सोडली, हे मूळ कारण ठरले. आणि त्यामागे विमानातील मंडळींचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान असल्याचे आयोगाने नोंदवले. त्या काळी दिल्लीच्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. उंची कळे ती वैमानिकाच्या सांगण्यावरून. म्हणजे नियंत्रकाजवळ प्रत्यक्ष प्रमाण नव्हते. त्याच्याजवळ होते ते केवळ शब्दप्रमाण. शिवाय दिल्लीच्या आसपासचा बराचसा आकाशप्रदेश वायुदलाकडे असल्याने येणारी व जाणारी विमाने एकाच अरुंद मार्गिकेतून जात होती.

या दुर्घटनेनंतर भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांवर टक्करप्रतिबंधक यंत्र, ज्याला विमानक्षेत्रात ‘टीकॅस’ म्हणतात, सक्तीचे झाले. दोन विमानांतील ही यंत्रे परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करतात. टक्कर जवळ आली की एका वैमानिकाला ‘वर चढा’ आणि दुसऱ्याला ‘खाली उतरा’ असा आदेश देतात. नियंत्रक चुकला, शब्द चुकला, तरी हा शेवटचा रक्षक जागा असतो.

३. अपघात मोजून का भागत नाही

अशा एकेका उपायाने विमानप्रवास अतिशय सुरक्षित झाला, आणि येथूनच एक चमत्कारिक अडचण निर्माण झाली. अपघात जितके विरळ होतात, तितके त्यांच्यापासून शिकणे कठीण होते.

उदाहरणार्थ, २९,००० फुटांच्या वर विमानांमधील उभे अंतर पूर्वी २,००० फुटांचे असे. कारण फार उंचीवर उंचीमापक यंत्रे तितकीशी अचूक नव्हती. यंत्रे सुधारल्यावर ते १,००० फुटांवर आणण्याचा विचार पुढे आला. उत्तर अटलांटिकवर १९९७ साली, युरोपात २००२ साली आणि भारतात नोव्हेंबर २००३ मध्ये तो अमलात आला. परंतु अंतर निम्मे करणे सुरक्षित आहे, हे आधी सिद्ध कसे करावयाचे? त्यासाठी १०० कोटी उड्डाणतासांत उंचीच्या चुकीमुळे होणारे प्राणघातक अपघात ५ पेक्षा अधिक नसावेत, अशी मर्यादा ठरविण्यात आली. म्हणजे २० कोटी तासांत १ अपघात. समजा, एखाद्या प्रदेशात वर्षाकाठी १० लाख उड्डाणतास होत असतील, तर तेथे असा एक अपघात सरासरीने २०० वर्षांनी घडावा. मर्यादा पाळली जाते की नाही, हे अपघात मोजून पाहायचे ठरविले तर कित्येक पिढ्या खर्ची पडतील.

म्हणून गणिताचा आधार घेतला गेला. विमाने आपल्या ठरलेल्या उंचीपासून किती ढळतात, किती वेळा परस्परांना ओलांडतात, यांची मोजमापे घेऊन टकरीची संभाव्यता काढण्याची रीत १९६०च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी उत्तर अटलांटिकसाठी विकसित केली होती; तिचीच पुढची रूपे येथे उपयोगी पडली. भविष्याविषयीचे हे विधान भाकितापेक्षा वेगळे असते. भाकीत काय घडेल ते सांगते. अनुमान मात्र आपली गृहीतके उघड मांडते आणि ती खरी असतील तरच निष्कर्ष खरा, असे बजावते.

गृहीतके बदलली की काय होते, याचा एक धडा २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलच्या अॅमेझॉन अरण्यावर मिळाला. एक प्रवासी विमान आणि एक लहान खासगी जेट एकाच हवाई मार्गावर, एकाच ३७,००० फुटांच्या उंचीवर समोरासमोर आले. जेटमधील संदेशप्रक्षेपक बंद असल्यामुळे टीकॅसला काहीच कळले नाही. प्रवासी विमानातील १५४ जण मरण पावले. जुन्या काळी दिशादर्शन इतके ढोबळ होते की दोन विमाने चुकून एका उंचीवर आली, तरी बहुधा एकमेकांच्या बाजूने निघून जात. उपग्रहाधारित यंत्रांनी विमानांना मार्गाच्या नेमक्या मध्यरेषेवर आणून ठेवले, आणि ढोबळपणामुळे आपोआप मिळणारे संरक्षण नाहीसे झाले. यावर उपाय म्हणून महासागरांवरून जाणारी विमाने आज हेतुपुरस्सर मध्यरेषेच्या उजवीकडे एक किंवा दोन सागरी मैल सरकून उडू शकतात. अचूकतेने निर्माण केलेला धोका थोड्या मुद्दाम केलेल्या अचूकभंगाने कमी केला जातो!

४. एका संदिग्ध वाक्याची किंमत

अपघात मोजून भागत नसेल आणि गणित गृहीतकांवर अवलंबून असेल, तर तिसरे साधन कोणते? ते म्हणजे थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे एक बोइंग विमान व्हर्जिनियातील डोंगरावर आदळून ९२ जण मरण पावले. नियंत्रकाने त्याला उतरण्याच्या मार्गाने येण्याची मुभा दिली होती. वैमानिकांनी त्या वाक्याचा अर्थ असा घेतला की आता १,८०० फुटांपर्यंत उतरण्यास हरकत नाही, पुढे अडथळा असता तर नियंत्रकाने सांगितले असते. नियंत्रकाच्या मनात अर्थ असा होता की उंची सांभाळण्याची जबाबदारी वैमानिकाची. शब्द तेच होते. त्यांच्यामागचे गृहीत दोघांचे वेगळे होते.

याहूनही विषण्ण करणारी गोष्ट चौकशीत उघड झाली. सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान याच डोंगरावर, याच गैरसमजातून, आदळता आदळता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण ती सूचना अन्य कंपन्यांपर्यंत पोहोचली नाही. ९२ माणसांचे प्राण वाचवू शकेल अशी माहिती अस्तित्वात होती, परंतु ती एका घरातच राहिली.

यातून १९७६ साली अमेरिकेत एक नोंदव्यवस्था उभी राहिली. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ यांपैकी कोणीही आपल्या हातून झालेली किंवा डोळ्यांसमोर घडलेली चूक तीत कळवू शकतो. कळवणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते. ही व्यवस्था शिक्षा करण्याचा अधिकार असलेल्या नियामकाकडे न सोपवता ‘नासा’ या संशोधनसंस्थेकडे देण्यात आली, यातच तिचे मर्म आहे. ज्याच्या हाती छडी आहे, त्याच्यापाशी चूक मनमोकळेपणाने कोण सांगेल? आपण शिक्षकांनी तरी हे निराळे सांगावयास नको.

५. दोन रक्षक, दोन आदेश

नोंद झाली तरी ती वेळेवर पोहोचली पाहिजे. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात एकाच कंपनीची दोन विमाने परस्परांच्या वाटेत आली. नियंत्रकाला एका विमानाला खाली उतरावयास सांगायचे होते. त्याच्या तोंडून दुसऱ्याचा क्रमांक गेला. त्याच सुमारास त्या दुसऱ्या विमानातील टीकॅस ‘वर चढा’ असे सांगत होते. वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले. समोरच्या विमानाने आपल्या टीकॅसचे ऐकले. दोन्ही विमाने खाली येऊ लागली. शेवटच्या क्षणी समोरचे विमान नजरेस पडल्याने टक्कर टळली. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसे होती. सुमारे १०० जखमी झाली, पण सर्व जगली.

माणूस एक सांगतो आणि यंत्र दुसरे सांगते, तेव्हा कोणाचे ऐकावे, हा प्रश्न त्या दिवशी स्पष्टपणे विचारला गेला होता. त्याचे निःसंदिग्ध उत्तर सर्व जगातील वैमानिकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच १ जुलै २००२ची रात्र उजाडली. जर्मनीतील युबरलिंगन गावावरच्या आकाशात एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग यांची टक्कर होऊन ७१ जणांचा अंत झाला. रशियन विमानात उफा शहरातून स्पेनला सहलीला निघालेली शाळकरी मुले होती. झुरिकच्या केंद्रात त्या वेळी एकच नियंत्रक काम पाहत होता. दुरुस्तीमुळे काही इशारायंत्रणा आणि मुख्य दूरध्वनी बंद होते. त्याने रशियन विमानाला खाली उतरण्यास सांगितले. टीकॅसने त्याच विमानाला वर चढण्यास सांगितले. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. मालवाहू विमानाने टीकॅसचे ऐकले आणि तेही खाली आले. जर्मन चौकशी अहवालाने दाखवून दिले की या प्रसंगासंबंधीचे नियम अपुरे आणि काही ठिकाणी परस्परविरोधी होते. त्यानंतर टीकॅसचा आदेशच शिरोधार्य मानावा, हे आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट करण्यात आले. जपानमधील प्रसंग आणि ही टक्कर यांमध्ये १७ महिने होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, नियंत्रक आणि टीकॅस हे दोन्ही रक्षक आपापल्या जागी चांगले होते. धोका होता तो दोघांच्या मधल्या जागेत. नव्या साधनाची परीक्षा केवळ त्याच्या गुणांवरून करून चालत नाही. जुन्या साधनांशी त्याचा संवाद कसा होईल, हेही पाहावे लागते. दुसरी गोष्ट दोषाविषयी. युबरलिंगनच्या त्या एकाकी नियंत्रकाची फेब्रुवारी २००४ मध्ये, आपले कुटुंब त्या विमानात गमावलेल्या एका माणसाने हत्या केली. जपानमध्ये दोघा नियंत्रकांना झालेली शिक्षा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कायम केली. ज्यांचे आप्त गेले त्यांचा आक्रोश कोणी लहान मानू नये. जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईला शासन झालेच पाहिजे. परंतु प्रामाणिक चुकीलाही तुरुंग दाखविला, तर पुढची चूक कोणी कळवणार नाही. आणि न कळवलेल्या चुकीचे मोल एखादे अनोळखी कुटुंब देईल.

६. उद्याचे आकाश

आता भविष्याकडे वळू. रेडिओवरील संभाषणाऐवजी लिखित संदेश पाठविण्याची सोय आज अनेक मार्गांवर आहे. ऐकण्यातली चूक त्यामुळे टळते. परंतु रेडिओवरचे बोलणे त्या लहरीवरील सर्व वैमानिकांच्या कानी पडते. दुसऱ्याला दिलेला चुकीचा आदेश ऐकून तिसरा सावध होऊ शकतो. लिखित संदेश मात्र एकालाच दिसतो. मौखिक परंपरेकडून लेखी परंपरेकडे जाताना काय गमावले जाते, हा साहित्याच्या इतिहासातील जुना प्रश्न आकाशातही उभा आहे.

यंत्राची भाषाही तपासावी लागते. टीकॅसच्या आधीच्या आवृत्तीत ‘अॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड’, म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग जुळवून घ्या, असा आदेश होता. काही वैमानिकांनी तो ऐकून नेमकी उलटी कृती केली. अशा प्रसंगांच्या नोंदी अभ्यासून नव्या आवृत्तीत त्याच्या जागी ‘लेव्हल ऑफ’, म्हणजे आहे त्या पातळीवर सरळ राहा, असे दोन शब्द आले. संदिग्ध शब्द वगळणे हाही सुरक्षिततेचाच एक भाग आहे.

ड्रोन आणि हवाई टॅक्सी यांचा प्रश्न याहून अवघड आहे. भारताच्या २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत ड्रोन उडविता येतात. आजची टक्करप्रतिबंधक व्यवस्था प्रवासी विमानांसाठी घडविलेली आहे. विमान उतरत असताना वैमानिकाला ‘खाली जा’ असा आदेश मिळू नये म्हणून टीकॅसचे आदेश जमिनीलगत, सुमारे १,००० फुटांखाली, बंद ठेवलेले असतात. म्हणजे उद्याची गर्दी ज्या थरात वाढणार, तेथे आजचा शेवटचा रक्षक मौन पाळतो.

त्या थरात काय होऊ शकते, हे २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ दिसले. उतरणारे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण मरण पावले. मार्चमध्ये अमेरिकेच्या चौकशी मंडळाने जुन्या नोंदी तपासून सांगितले की ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्याच विमानतळाजवळ विमाने आणि हेलिकॉप्टरे यांच्यातील आडवे अंतर एका सागरी मैलाहून आणि उभे अंतर ४०० फुटांहून कमी झाल्याचे १५,२१४ प्रसंग घडले होते. त्यांपैकी ८५ अतिशय निकटचे होते. १९७४ साली माहिती एका घरात अडली होती. २००१ साली ती पोहोचावयास उशीर झाला. २०२५ साली ती संगणकात सुरक्षित होती, परंतु तिचा अर्थ वेळीच लावला गेला नाही. नोंद ठेवणे आणि नोंद वाचणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

७. जोखीम

जुन्या मराठीत सोनेनाणे घेऊन प्रवासाला निघालेला मनुष्य ‘अंगावर जोखीम आहे’ असे म्हणत असे. जोखीम म्हणजे धोका. आणि जोखीम म्हणजे सांभाळावयास दिलेली मोलाची वस्तूही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, कारण जे मोलाचे नाही त्याला धोका कसला? विमानात बसणारा प्रवासी स्वतः काहीच पडताळू शकत नाही. तो आपले अस्तित्व अनोळखी माणसांच्या आणि यंत्रांच्या हवाली करतो. त्या अर्थाने तो व्यवस्थेच्या अंगावरची जोखीमच होय.

ही जोखीम सांभाळावयाची तर उद्याच्या प्रत्येक नव्या साधनाविषयी आधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हे साधन कोणत्या गृहीतकांवर सुरक्षित ठरविले आहे? जुन्या साधनाशी त्याचा विरोध आला तर कोणाचा शब्द अखेरचा? आणि चूक झाली तर ती न भिता कोणाला सांगावयाची, व ती रोज कोण वाचणार? या प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम अभियंत्यांचे, नियामकांचे आणि कायदा करणाऱ्यांचे आहे. त्यांपैकी काही जण आज अशाच एखाद्या शाळेच्या बाकांवर बसले असतील. वाक्याचा अर्थ नेमका लावणे, शंका आली तर पुन्हा विचारणे, आणि चुकले तर निर्भयपणे सांगणे, या सवयी त्यांना वर्गातच लागाव्या लागतात. त्या लागतील असे वातावरण राखणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.